समुद्र सोडलेली कोळंबी

चेरी श्रिंपच्या मादीच्या पोटाखाली एका वेळी वीस-तीस अंडी असतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत सापडणाऱ्या मोठ्या गोड्या कोळंबीची मादी पूर्ण वाढलेली असेल, तर तिला ऐंशी हजारांपासून लाखापर्यंत अंडी येतात. पण घरातल्या तीस लिटरच्या काचेच्या टाकीत वर्षभरात पिढ्यांवर पिढ्या उभ्या करते ती वीस-तीस अंड्यांची चेरी. दुसरीची लाखभर अंडी त्याच टाकीत फुटली, तर आठवडा संपायच्या आत सगळी पिल्लं मरून जातात. घरी कोळंबी कशी वाढवावी हे सांगणारं पुस्तक टाकी, फिल्टर आणि खाद्य यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. मला ते या अंड्यांच्या हिशेबापासून सुरू करावंसं वाटलं. टाकीत जे घडतं आणि टाकीबाहेर जे घडू द्यायचं नाही, ते सगळं या हिशेबातून निघतं.

मोठी कोळंबी राहते नदीत, पण तिचं बाळपण तिथे होत नाही. अंडी पिकली की मादी प्रवाहाबरोबर खाली उतरते आणि खाडीच्या मचूळ पाण्याशी येते. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. पोट वर, शेपटी पुढे अशा उलट्या अंगाने ते तरंगत राहतं, एकामागून एक अकरा अवस्थांमधून जातं, तेव्हा कुठे त्याला कोळंबीचा आकार येतो आणि ते पुन्हा नदीच्या वरच्या अंगाला निघतं. हा फेरा माणसाला नीट कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे काम करत होते. त्यांनी जपलेली पिल्लं गोड्या पाण्यात मरत होती. या पिल्लांना पाण्यात मीठ लागतं हे त्यांनी शोधून काढलं, आणि पुढे हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी ती मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची पद्धत बसवली. आज शेततळ्यात सोडण्यासाठी गोड्या कोळंबीचं बीज मिळतं ते या दोघांच्या कामामुळे.

फेरा मधेच अडवला तर काय होतं, तेही आपल्याच देशात दिसलं आहे. केरळात वेंबनाड कायलावर, भाताच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून, १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा उभा राहिला. भाताला त्याचा उपयोग झाला, पण कोळंबीची नदी ते खाडी ही ये-जा तुटली आणि तिथली कोळंबीची मासेमारी खालावली.

हौशी लोकांच्या टाकीतली सर्वांत प्रसिद्ध कोळंबीही याच जातकुळीची आहे. जपानी छायाचित्रकार तकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात पाणवनस्पतींच्या टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी एक पारदर्शक, ठिपक्यांची कोळंबी मोठ्या संख्येने वापरायला सुरुवात केली. तिचा शास्त्रीय नामोल्लेख १८६० पासूनचा, पण जगभर ती आता अमानो श्रिंप म्हणूनच ओळखली जाते. टाकीत ती वर्षानुवर्षं सुखाने राहते, अंडीही धरते. पण तिची अंडी बारीक आणि हजारांवर असतात, आणि त्यांतून निघणाऱ्या पिल्लांना जवळपास समुद्राइतकं खारट पाणी लागतं. नवीन हौशी माणसाला दुकानात अंडीधारक अमानो दिसली की तो आनंदून घेऊन येतो आणि पिल्लांची वाट बघत बसतो. पिल्लं येतात, दिसतही नाहीत, आणि संपतात. ज्यांना पैदास करायची आहे त्यांनी अमानोपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेरीच्या वंशाने समुद्र सोडला. अंडं मोठं केलं, त्यात बलक भरपूर भरला आणि संख्या कमी केली. मोठी कोळंबी ज्या अवस्था खाडीत भोगते, त्या चेरीचं पिल्लू अंड्यातच उरकतं. बाहेर येतं तेव्हा ते जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण पूर्ण कोळंबी असतं. डोळे, मिशा, पाय सगळं जागच्या जागी. ते तरंगत कुठे जात नाही. पहिल्याच दिवशी मॉसच्या काडीला धरून चरायला लागतं.

या कोळंबीचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. फ्रेंच शास्त्रज्ञ बूव्हिए यांनी १९०४ साली तिचं वर्णन केलं. नावातले डेव्हिड म्हणजे चीनमध्ये हिंडलेले धर्मोपदेशक आणि निसर्गअभ्यासक आर्मां डाविद. जायंट पांडा युरोपच्या शास्त्रजगताला माहीत झाला तो त्यांच्यामुळेच. कोळंबीच्या नावाबद्दल नंतर बराच घोळ झाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती दुसऱ्या नावांनी सापडते. चीन आणि तैवानच्या ओढ्यांत ती मूळची तपकिरी-हिरवट, दगडावर बसली तर चटकन नजरेस न पडणारी. आपण विकत घेतो ती लाल चेरी माणसाने निवडून निवडून घडवलेली आहे.

मला या प्राण्याचं सर्वांत मोठं आकर्षण वाटतं ते असं की त्याचं संपूर्ण आयुष्य तुमच्यासमोर, एका फूटभर खोल पाण्यात, काहीही न लपवता पार पडतं. मादी अंगाने मोठी, सुमारे तीन सेंटीमीटरची, आणि तिच्या पोटाची खालची बाजू गोलसर असते. नर सडपातळ आणि फिकट. मादीच्या डोक्यामागे, पाठीवरच्या कवचाच्या आत पिवळट किंवा हिरवट डाग दिसू लागला की तिच्या अंडाशयात अंडी तयार होत आहेत असं समजावं. हौशी लोक याला सॅडल म्हणतात. पारदर्शक पाठीतून अंडाशय दिसणं ही घरात पाहायला मिळणारी साधी गोष्ट नाही, आणि मुलांना दाखवण्यासारखी तर नक्कीच आहे.

मग एके दिवशी मादी कात टाकते. कोळंबीचं कवच वाढत नाही. अंग वाढलं की जुनं कवच फोडून बाहेर यायचं आणि नवं मऊ कवच पाण्यातल्या क्षारांनी कठीण करायचं, हे तिला आयुष्यभर करत राहावं लागतं. कात टाकल्यावर पिकलेली मादी पाण्यात गंधद्रव्य सोडते. त्यानंतर टाकीतले सगळे नर वेड्यासारखे काचेवरून काचेवर पोहायला लागतात. ज्यांनी हे आधी पाहिलेलं नसतं ते घाबरून पाणी बदलायला धावतात. धावू नये. मीलन क्षणभराचं असतं. त्यानंतर काही तासांत अंडी पाठीतून पोटाखाली येतात आणि मादीच्या पोहण्याच्या पायांना चिकटून राहतात.

इथून पुढे तीन ते चार आठवडे ती त्या अंड्यांना वारा घालत राहते. पाय सतत हलवायचे, पाणी खेळतं ठेवायचं, मळ बसू द्यायचा नाही. एखादं अंडं खराब झालं तर ती ते काढून टाकते. पाणी कोमट असलं तर अंडी लवकर फुटतात, थंड असलं तर उशिरा. फुटण्याच्या आधी प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागतात. भिंग असेल तर ते अवश्य वापरा. आणि बऱ्याचदा पोटाखाली अंडी असतानाच पाठीवर पुढच्या खेपेचा डाग उमटलेला असतो. पिल्लं अडीच-तीन महिन्यांत वयात येतात, एक कोळंबी साधारण वर्ष-दीड वर्ष जगते, त्यामुळे एका वर्षाच्या आत आजी, आई आणि नातवंडं एकाच मॉसवर चरताना दिसतात.

तापमानाचा आणखी एक परिणाम फार रंजक आहे. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस अंश सेल्सियसला वाढवलेल्या पिल्लांत माद्या पुष्कळ जास्त निघाल्या, तेवीस अंशांना नर-मादी जवळपास सारखे, आणि सव्वीस अंशांना नरांची संख्या बरीच वाढली. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या हौशींनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. उन्हाळ्यात टाकीत नरच नर दिसू लागले, तर दोष विक्रेत्याचा असेलच असं नाही.

आता पाण्याकडे येतो. सुरुवातीला छोटी टाकी सोपी वाटते, पण पाणी जितकं कमी तितके त्यात बदल झपाट्याने होतात, आणि कोळंबीला अचानक बदल सोसत नाही. दीड फूट लांबीची, तीसेक लिटरची टाकी नवशिक्याला योग्य. काचेच्या वाटीत किंवा शोभेच्या भांड्यात कोळंबी ठेवण्याचा सल्ला या पुस्तकात कुठेही दिलेला नाही. फिल्टर स्पंजचाच असावा, कारण दुसऱ्या फिल्टरमध्ये दोन मिलिमीटरची पिल्लं ओढली जातात. शिवाय स्पंजवर चढणारा जिवाणूंचा आणि शेवाळाचा पातळ थर हेच पिल्लांचं पहिलं अन्न. चेरीच्या पुढच्या पायांच्या टोकाला केसांचे बारीक कुंचले असतात. त्यांनी ती हा थर खरवडून तोंडात घालते, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आणि त्यानंतरही. टाकी नवी असेल तर हा थर नसतो, आणि विष्ठा व उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणूही नसतात. म्हणून टाकी भरल्यावर चार-सहा आठवडे ती कोळंबीशिवाय चालू द्यावी. या काळात मॉस लावावं, देशी बदामाची वाळलेली पानं टाकावीत. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ही पानं उन्हाळ्याच्या आधी लाल होऊन गळतात. रहदारीच्या रस्त्यावरची आणि फवारणी झालेल्या बागेतली पानं टाळून, धुऊन, उकळून घेतली की झालं. बाहेरून येणारी महागडी पानं घेण्याची काहीच गरज नाही.

पाण्याचा खरा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. परदेशी पुस्तकं असं गृहीत धरतात की नळाला एका प्रकारचं पाणी येतं. आपल्या गृहसंकुलांत जानेवारीत धरणाचं पाणी येतं, एप्रिलमध्ये त्यात बोअरचं मिसळतं आणि मे महिन्यात टँकरचं. नळ तोच, पण पाण्यातले क्षार दुप्पट-तिप्पट बदलतात. चेरीला दीडशे ते अडीचशेच्या आसपासचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मानवतो, आणि खरं सांगायचं तर ती याहून कमी-जास्तातही जगते. तिला सोसत नाही तो एका दुपारीत झालेला बदल. तेव्हा कात मधेच अडकते, मानेजवळ पांढरा पट्टा पडतो आणि कोळंबी मरते. चार-पाचशे रुपयांचा टीडीएस मीटर हा या छंदातला सर्वांत उपयोगी खर्च आहे. पाणी बदलताना एकदम निम्मं बदलण्यापेक्षा आठवड्याला एक बादलीभर, तेही क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याशी मिळतंजुळतं, असं बदलावं. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी घटतं आणि क्षार मागे राहून दाट होतात, म्हणून घटलेलं पाणी भरून काढायला आरओचं पाणी चालतं. पण सगळी टाकीच आरओच्या पाण्याने भरली, तर कवचाला क्षार मिळत नाहीत. टाकलेली कात टाकीतच राहू द्यावी. कोळंबी ती खाते आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवते.

उष्णतेचं म्हणाल तर तीस अंशांवर पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या घरात असतो, वीस अंशांना तो नऊच्या वर असतो. म्हणजे जेव्हा जीव धापा टाकतो तेव्हाच हवा कमी. पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

हे सगळं सांभाळूनही कोळंबी एका रात्रीत संपल्याच्या तक्रारी आपल्याकडे फार येतात, आणि त्यांचं एक कारण परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडतं. ते म्हणजे डासांचा बंदोबस्त. कॉइल, द्रवाची मशीन, झुरळांचा फवारा, सोसायटीत दर तिमाहीला होणारी कीटकफवारणी या सगळ्यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात. आजचे जीवशास्त्रज्ञ मानतात की कीटक ही कवचधारी प्राण्यांच्या वंशवृक्षाचीच एक फांदी आहे. डासाच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष कोळंबीला सोडील अशी आशाच करू नये. मासे कदाचित तग धरतील, कोळंबी धरणार नाही. ज्या खोलीत टाकी आहे तिथे कॉइल लावू नये, मच्छरदाणी वापरावी. फवारणीच्या दिवशी टाकी झाकावी आणि हवेचा पंप बंद ठेवणं शक्य नसेल, तर त्याची नळी दुसऱ्या खोलीतून हवा घेईल अशी व्यवस्था करावी. बाजारातून आणलेल्या पालक-काकडीवरही औषध असतंच. ती नीट धुऊन, उकळून मगच द्यावी.

दुसरं विष तांबं. विलक्षण गोष्ट अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच बांधलेलं आहे, आपल्या रक्तात लोह आहे तसं. तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला फार थोड्या प्रमाणातही मारतं. म्हणून घरातल्या तांब्याच्या हंड्या-कळशीत ठेवलेलं पाणी टाकीत घालू नये, गिझरचं पाणी घालू नये, आणि माशांच्या रोगावरची औषधं घेताना त्यांत मोरचूद नाही ना हे पाहावं. कोकणात ज्यांच्या टाक्या किंवा हौद सुपारीच्या बागेजवळ आहेत त्यांनी पावसाळ्यातल्या बोर्डो मिश्रणाच्या फवारणीपासून पाणी दूर ठेवावं. त्यातही मोरचूदच असतं.

रंगांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर एक पूर्ण प्रकरण पुढे आहे. लाल, पिवळी, निळी, नारिंगी, काळी या सगळ्या एकाच जातीच्या शाखा आहेत. वेगवेगळ्या रंगांच्या कोळंब्या एका टाकीत ठेवल्या तर त्या एकमेकींत मिसळतात आणि काही पिढ्यांत मूळचा तपकिरी रंग परत येतो. एका टाकीत एकच रंग. क्रिस्टल रेडसारख्या पट्ट्यांच्या जाती वेगळ्या वंशाच्या आहेत. जपानच्या हिसायासू सुझुकी यांनी १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या कोळंब्यांत अचानक निघालेल्या लाल पिल्लापासून ती जात उभी केली. तिला मऊ, आम्लधर्मी, थंड पाणी लागतं आणि आपल्या बहुतेक शहरांत ती वातानुकूलनाशिवाय टिकवणं कठीण. चेरीची तीन-चार पिढ्यांची सोबत झाल्यावर मग तिच्याकडे वळावं.

एका गोष्टीवर मात्र मला आग्रहाने लिहिलंच पाहिजे. चेरी आपल्या टाकीत सहज वाढते याचं कारण तिला समुद्र लागत नाही. त्याच कारणाने ती कुठल्याही ओढ्यात, तळ्यात, विहिरीत वाढू शकते. जर्मनीत कोलोनजवळ गिलबाख नावाचा ओढा आहे. वीजनिर्मिती केंद्राच्या गरम पाण्यामुळे तो हिवाळ्यातही कोमट राहतो. त्या ओढ्यात चेरीने बस्तान बसवल्याचं २०१३ साली संशोधकांनी नोंदवलं. हवाई आणि जपानमध्येही ती मोकळ्या पाण्यात पसरली आहे. आपल्याकडे तर असा कृत्रिम गरम ओढा शोधावा लागत नाही. टाकी भरली, कंटाळा आला, बदली झाली म्हणून कोळंबी नदीत, तलावात किंवा गावच्या ओढ्यात सोडणं हे भूतदयेचं काम वाटू शकतं, पण ते तसं नाही. टाकी धुतलेलं पाणीही नाल्यात किंवा शेततळ्यात ओतू नये, कारण त्यात दोन मिलिमीटरची पिल्लं असतात. ते कोरड्या मातीत ओतावं. जास्तीची कोळंबी दुसऱ्या हौशीला द्यावी किंवा दुकानात परत करावी.

सह्याद्रीच्या ओढ्यांत कोळंबी आधीपासून आहे. कॅरिडिना वंशाच्या तिच्या भारतीय नातेवाइकांचं वर्णन शंभर वर्षांपूर्वीच झालं. कॅरिडिना बाबोल्टी ही मध्य भारतातली छोटी कोळंबी बूव्हिए यांनीच १९१८ साली जगापुढे आणली, आणि आज युरोपातले हौशी ती आवडीने पाळतात. आपल्या पुण्या-नाशिकच्या हौशींच्या टाकीत ती मला क्वचितच दिसते. ज्यांच्या हाताला चेरीची सवय झाली आहे त्यांनी या देशी कोळंब्यांकडे वळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोजक्याच नर-माद्या आणाव्यात, पावसाळ्यानंतर, संरक्षित क्षेत्राबाहेरच्या ओढ्यातून, आणि पिल्लं वाढली तरी परत न सोडता. पहिली अंडी आली की ती मोजावीत. मोठी आणि थोडी असतील, तर ती जात तुमच्या टाकीत वाढेल अशी आशा धरायला हरकत नाही. बारीक आणि शेकड्यांनी असतील, तर तिला खाडीचं पाणी लागणार, आणि मग तो वेगळा प्रयोग आहे.

पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते दिले आहेत: अंडी पोटाखाली आल्याची तारीख, पाण्याचं तापमान, टीडीएस, पिल्लं दिसल्याची तारीख, पिल्लांची संख्या. देशी जात पाळणाऱ्यांसाठी त्यात दोन रकाने जास्तीचे आहेत. एकात ओढ्याचं आणि गावाचं नाव लिहावं. दुसऱ्यात पिल्लू जन्मल्यावर मॉसला धरून बसलं की पाण्यात तरंगत राहिलं, एवढंच लिहावं.